उघडू नये

४ ऑक्टोबर

धाकटे,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज त्यांत थोडा स्वार्थ मिसळला आहे. तेव्हा पत्र शेवटपर्यंत वाच.

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या सुनेने कळवलं. दुसऱ्या डोळ्याने वाचत असशील म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मोठ्या अक्षराला माझा हात अजून लाजत नाही.

काम असं. तुमच्या आईच्या घरी कोबी बरणीत आंबवून ठेवायचे आणि त्याची गार कोशिंबीर करायचे. ती कशी करतात ते मला लिहून पाठव. अगदी पहिल्यापासून. या म्हाताऱ्याला चहा आणि उकडलेला बटाटा यापलीकडे काही येत नाही, असं धरून लिही.

तू म्हणशील, माझी ताई तुमच्या घरातच आहे, तिला का नाही विचारत? तर हे तिच्या नकळत करायचं आहे. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस येतो. परवा संध्याकाळी खिडकीबाहेर बघत ती सहज म्हणाली, "आईचा आंबट कोबी खावासा वाटतो बघा. गार. बाकी काही नको." तुमच्या आईची बरणी तिच्या वाट्याला आली खरी, पण आमच्या दीड खोलीत रंगांचा आणि टर्पेंटाईनचा वास आधीच एवढा, की त्यात कोबीच्या वासाला जागा नाही, असं ती म्हणायची. बरणीत आजवर साखरच राहिली.

मी तो कोबी आयुष्यात एकदाच खाल्ला आहे. तुमच्या बाबांच्या दुकानाची पाटी रंगवायला आलो होतो तेव्हा. तू तेव्हा दोन वेण्या घालून शिडी हलवत होतीस. दुपारी खाली उतरलो आणि तुझ्या ताईने ताटली पुढे केली. ताटलीत काय होतं ते मला विचारू नकोस. ताटली धरणारा हात आठवतो. मनगटावर निळ्या शाईचा डाग होता, तो आठवतो. "छान झालंय," असं मी म्हणालो, हेही आठवतं. ती हसली होती. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. शाळेत असताना मास्तर कवितेचा अर्थ विचारायचे आणि मला फक्त चाल आठवायची, तसं काहीसं.

फोनच करणार होतो. पण शिलाई मशीनच्या घरघरीने तुझे कान असे नेलेत की तुला ऐकू जावं म्हणून जिन्याखालच्या माणसालाही कळेल इतकं ओरडावं लागतं. मग तिलाही कळणार. म्हणून पत्र.

ताई मजेत आहे. जरा दमते, एवढंच.

तुझा
पाटीवाला भावोजी


९ ऑक्टोबर

भावोजी,

नमस्कार. ओळी वरखाली गेल्या तर हसू नका, एका डोळ्याने लिहितेय. सूनबाई म्हणत होती, "तुम्ही सांगा, मी लिहिते." पण मी तुम्हाला जे बोलणार ते ती जसंच्या तसं लिहिणार नाही, फार सभ्य आहे ती.

पहिली गोष्ट. ताईचा वाढदिवस पुढच्या महिन्यात कुठला? तो जूनमध्ये असतो, जूनमध्ये! एवढा संसार झाला आणि अजून पाठ नाही. कडवीच्या कडवी घडाघडा म्हणणाऱ्या माणसाला बायकोचा महिना आठवू नये? जाऊ दे. करताय ना काहीतरी तिच्यासाठी, मग मी मुकाट्याने सांगते.

कोबी घ्या तो घट्ट, पांढरा, हातात घेतला की वजन लागलं पाहिजे. वरची दोन मोठी पानं काढून बाजूला ठेवा, टाकू नका. बाकीचा बारीक चिरा. तुमच्या भाषेत सांगायचं तर शिरोरेघेएवढा जाड, त्याहून नको. मग मीठ. आता मीठ किती, हे विचारू नका, कारण आईने कधी मोजलं नाही. ती चिरलेल्या कोबीला मीठ चोळायची आणि चाखायची. डोळ्यातलं पाणी ओघळून ओठावर आलं की जेवढं खारट लागतं, तेवढा कोबी खारट लागला पाहिजे. तुम्हाला आठवत नसेल ती चव, तर आधी एक कांदा चिरा. मापही मिळेल आणि कांदा कोशिंबिरीला लागेलच.

चोळायचा तो मुठीने. बोटांच्या टोकांनी नाही, तुम्ही काही रंग कालवत नाही आहात. चोळता चोळता त्याला पाणी सुटेल. ते पाणी सांडू नका, तोच त्याचा जीव. बरणीत थोडा थोडा घाला आणि दाबा, परत घाला, परत दाबा. वर ती दोन पानं. त्यावर दगड.

दगड मी पाठवतेय, वेगळ्या पार्सलने. आई गेल्यावर ताईने बरणी घेतली आणि मी दगड घेतला, तुम्हाला माहीत नसेल. मामी तेव्हा म्हणाली होती, "अगं, या मुलीला काय वेड लागलंय, सोन्याची बांगडी सोडून दगड उचलते!" इतकी वर्षं तो माझ्या टेबलावर कापडाच्या थप्पीवर बसलाय. शाळेच्या गणवेशांचं कापड उडू नये म्हणून. आता जाऊ दे त्याला मूळ कामाला.

पाणी कोबीच्या वर आलं पाहिजे आणि दगडाने कोबी खाली धरला पाहिजे. कोबी सारखा वर यायला बघतो. जो पाण्याच्या वर आला तो बिघडला.

मग बरणी गार जागी ठेवा आणि विसरून जा. महिनाभर तरी. थंडी वाढली तर त्याहून जास्त. मध्ये उघडायचं नाही, डोकवायचं नाही, बोट बुडवायचं नाही. मी तुम्हाला ओळखते, म्हणून सांगते, एक पाटी रंगवा आणि लावा बरणीला: उघडू नये.

कोशिंबीर कशी करायची ते कोबी झाला की सांगीन. आत्ता सांगितलं तर तुम्ही उद्याच करून बसाल.

ताई हल्ली फोनवर का येत नाही? प्रत्येक वेळी झोपलेली असते. तिला म्हणावं, मला ऐकू येत नसलं तरी मला ती बोलतेय एवढं कळतं.

धाकटी


१६ ऑक्टोबर

धाकटे,

दगड पोचला. पोस्टमनने पार्सल दारात टेकवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "आजोबा, आत काय दगड भरलेत का?" मी म्हटलं, "एकच आहे."

किती सुंदर दगड आहे गं तो. काळा, गुळगुळीत, आणि एका अंगाला खोलगट. तिथे अंगठा बरोब्बर बसतो. तुमच्या आईच्या अंगठ्याने झाला असेल का तो खळगा? मी बराच वेळ तो नुसता हातात धरून बसलो. शाळेत कवितेच्या तासाला बाहेर बघत बसायचो ना, तसा.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. ताई दुपारी झोपली तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून चिरला, चोळला. मिठाचं माप तुमच्या आईचंच घेतलं. कांदा चिरायची गरज पडली नाही.

चोळताना शाळेतली ती होडीची कविता म्हणत होतो. हळू आवाजात. तिसऱ्या कडव्याशी नेहमीप्रमाणे अडलो. तर खोलीतून आवाज आला आणि पुढचा शब्द मिळाला. म्हणजे जागी होती. "काय खुडबुड चाललीये?" म्हणाली. मी म्हटलं, ब्रश धुतोय. "ब्रश कोबीच्या पाण्यात?" म्हणाली. तिच्यापासून काही लपत नाही. तेव्हा आता तिला माहीत आहे.

पाटीही रंगवली. छोटीशीच, पुठ्ठ्यावर. तांबडं अक्षर, त्याला काळी सावली. ताईने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, तुम्ही रंगवलेल्या सगळ्या पाट्यांत हीच उत्तम झाली. बरणीच्या गळ्यात दोऱ्याने अडकवली आहे.

आता एक विचारायचं होतं. हे जरा लवकर होत नाही का? शेगडीजवळ ठेवला तर? किंवा बरणी कोमट पाण्यात उभी केली तर? आठवड्याभरात थोडाफार झाला तरी चालेल, अगदी सगळा नको. मी रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघतो. (रागावू नकोस. पाटी वाचून मगच उघडतो.) पाण्यावर पांढरट साय आल्यासारखी दिसते. ते बरं की वाईट? मीठ आणखी घालू का?

ताईची खाट खिडकीपाशी ओढून घेतली आहे. तिथे उजेड चांगला येतो. पाठीला तीन उश्या लावल्या की तिला रस्ता दिसतो, समोरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान दिसतं. त्याची पाटी मीच रंगवली होती. "चपलेचा च जरा जास्त ढेरपोट्या झालाय," म्हणते.

लवकर लिही. पत्राने नाही तर तारेने कळव, अजून तारा जात असतील तर.

भावोजी


२० ऑक्टोबर

भावोजी,

पांढरी साय चमच्याने काढून टाका, वाईट नाही. मीठ घालू नका. शेगडीजवळ ठेवू नका, बुळबुळीत होईल. रोज उघडताय म्हणून ती येतेय.

आता दुसरं. बाबांच्या दुकानाची पाटी रंगवायला तुम्हाला पंधरवडा लागला होता. बाबा रोज विचारायचे, "अहो, झाली का?" आणि तुम्ही शिडीवरून म्हणायचात, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देत नसतात. बाबा वैतागले, पण तुम्ही ऐकलं नाहीत. पुढे कळलं की दुसरा हात मुद्दामच लांबवत होतात, ती गोष्ट वेगळी. पण घाई तुमच्या हाताला माहीतच नाही. आणि तुम्ही कोबीला कोमट पाण्यात उभं करायला निघालात?

वाढदिवस नाही. फोनवर येत नाही. खाट खिडकीपाशी. तीन उश्या. आणि कांदा चिरायची गरज पडली नाही.

मी काही दूधखुळी नाही. ताईला काय झालंय?

खरं लिहा.

धाकटी


२४ ऑक्टोबर

धाकटे,

तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. तुझ्या डोळ्याची पट्टी निघेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही. "ती रडरड रडेल आणि टाके उसवून घेईल," म्हणाली. "दुसऱ्यांचे टाके घालून आयुष्य गेलं तिचं, तिचे कोण घालणार?" म्हणून मी खोटा वाढदिवस रचला. कविता पाठ असणं वेगळं आणि खोटं रचणं वेगळं, हे तू पहिल्याच पत्रात दाखवून दिलंस.

पोटात गाठ आहे. उन्हाळ्यापासून असणार, पण तिने बोलून दाखवलं नाही. इस्पितळात दोनदा राहून आली. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तरुण माणूस, माझ्याशी बोलताना सारखा पेनचं टोपण काढत होता, लावत होता. म्हणाला, आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते द्या, त्रास होईल असं काही करू नका. मी विचारलं, किती दिवस? त्याने टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

आवडेल ते द्या म्हणाले, आणि तिला काहीच आवडेना. सूप नको, फळ नको. मग त्या संध्याकाळी ती कोबीचं म्हणाली. तेवढं एकच. म्हणून तुझ्यामागे लागलो गं. दुसरं काही नाही.

पण आता ऐक, आनंदाचं सांगतो. मला राहवलं नाही. परवा संध्याकाळी बरणीतून थोडा काढलाच. तिनेच उशीवरून सांगितलं, कांदा घाला थोडा, वर तेलाचा थेंब सोडा. ताटली खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून गार केली. मग खाटेवर बसून काट्याने भरवलं. तिने डोळे मिटून दोन घास खाल्ले. किती वेळ चावत होती. मी श्वास रोखून बसलो होतो. माझी पाटी पहिल्यांदा दुकानावर चढवली तेव्हासुद्धा असा बसलो नसेन. मग म्हणाली, "हुबेहूब. हुबेहूब आईचा."

धाकटे, मी जिंकलो. तू म्हणालीस महिना लागेल, पण या म्हाताऱ्याच्या हाताला घाईतही यश आलं. आता रोज संध्याकाळी मागते. दोन घास, कधी तीन. मी स्वतः खात नाही, तिच्या वाटणीचा कमी व्हायला नको. काट्याला चिकटलेलं तेवढं चाटतो. खाऊन झालं की होडीची कविता म्हणायला लावते. तिसऱ्या कडव्याशी मी अडतो आणि ती शब्द देते. मला वाटतं तो शब्द आता मला येतो, पण मी थांबतो.

रडू नकोस. डोळा सांभाळ.

भावोजी


२८ ऑक्टोबर

भावोजी,

रडले. एकाच डोळ्याने. दुसऱ्याला अजून परवानगी नाही.

शनिवारी डॉक्टर पट्टी काढणार आहेत. रविवारी सकाळच्या गाडीने मी निघतेय. मुलगा नको म्हणतोय, सून नको म्हणतेय. मला ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच आहे.

कोबी तिला हुबेहूब लागला ना, मग झालं तर. ताईची जीभ आईवर गेलेली, आमच्या घरात चवीच्या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा. मागेल तेवढा द्या. रोज द्या. आणि भावोजी, खाटेवर बसूनच द्या. बरणीपाशी कमी बसा.

तिला एवढंच सांगा, की धाकटी येतेय आणि तिची एकही सबब चालणार नाही.

धाकटी


२७ नोव्हेंबर

धाकटे,

तू परत गेल्यावर मी तुला काही लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. बरं केलंस.

तू आलीस आणि तिला चार दिवस तुझ्या कुशीत मिळाले. ती गेली तेव्हा तिचा एक हात तुझ्या हातात होता आणि एक माझ्या, हे मी मनाशी परत परत घोकतो. नंतरचं मला नीट आठवत नाही. तू घर आवरलंस, माझे सदरे धुतलेस, एका सदऱ्याचं बटण लावलंस. जाताना बरणीचं झाकण घट्ट दाबलंस, पाटी सरळ केलीस आणि मला दम दिलास, "आता तरी पाळा." तो शब्द मी पाळला. बरणीकडे बघितलंच नाही. तिकडे बघायचं म्हटलं की खाट दिसते. खाट अजून खिडकीपाशीच आहे.

आज उघडली.

झाकण काढलं आणि असा वास आला, आंबट, तिखट, जिवंत, की मी दोन पावलं मागे सरलो. जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई थांबून म्हणाली, "अय्या, कसला छान वास येतोय! काय केलंत?" धाकटे, असला वास या घरात एकदाही आला नव्हता. तिला भरवत होतो त्या कोणत्याही संध्याकाळी नाही. कोबीही पांढरा-हिरवा राहिलेला नाही, पिवळसर झाला आहे, काचेसारखा आरपार. एक चिमूट तोंडात टाकली. डोळे आपोआप मिटले, कानामागे झिणझिण्या आल्या.

आणि मला त्या काट्याला चिकटलेल्याची चव आठवली. त्यात मीठ होतं आणि कच्चा कोबी होता. दुसरं काही नव्हतं.

मी तिला काय भरवत होतो गं? तिने एकच गोष्ट मागितली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते असं, ताटलीभर. आणि मी तिला रोज संध्याकाळी मिठातला कोबी खाऊ घालून वर टेंभा मिरवत होतो. "जिंकलो" असं तुला लिहिलं. ते पत्र फाडून टाक.

तिला कळलं नसेल? तिची जीभ आईवर गेलेली, हे तूच लिहिलंस. आणि तू घरात होतीस. तूही एकदा त्यातला घास घेतला होतास, मी पाहिलं होतं. तू का नाही बोललीस?

पाटी काढून टाकली आहे. ती वाचवत नाही.

भावोजी


२ डिसेंबर

भावोजी,

पत्र फाडलेलं नाही. फाडणार नाही.

हो, मला कळलं होतं. तुमचं "हुबेहूब" वाचलं तेव्हाच. आठवडाभराचा कोबी, आणि तोही गार खोलीत. तो आंबट होऊच शकत नाही. इथे माझ्या मशीनपाशी बसून मी विचार करत होते, सांगावं का? मग वाटलं, ताई जिवंत आहे, ती तिथे आहे, तिने जे म्हटलं ते तिने म्हटलंय. मी मध्ये कोण?

आता तुम्ही विचारताय म्हणून सांगते. मी आल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोरच ताटलीतला घास घेतला होता. मग तुम्ही औषधाच्या दुकानात गेलात तेव्हा तिला म्हटलं, "ताई, हा आईचा कोबी?" तिचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता, आणि माझे कान हे असे. मी कान अगदी तिच्या ओठाला लावला. ती हसत होती, मला तो वारा जाणवला. म्हणाली, "छे गं. कच्चा आहे ठार. पण नाही म्हटलं असतं तर हे परत बरणीपाशी जाऊन बसले असते. आता रोज ताटली घेऊन येतात, इथे बसतात, कविता म्हणतात. कोबी महिन्याने होईल. मला काय करायचाय महिना?"

मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला तो कोबी खरंच हवा होता पण, धाकटे." मी हेही लिहिते आहे, कारण मी खरं लिहा म्हटल्यावर तुम्ही लिहिलं होतंत. तिला हवा होता आणि तो वेळेत झाला नाही. त्यात तुमची चूक नाही, कोबीचीही नाही. पण ते तसंच राहणार.

आता काय करायचं ते ऐका. कोबी झाला की कोशिंबीर सांगीन म्हटलं होतं.

मूठभर कोबी काढा, हाताने पिळा. अगदी कोरडा नको, थोडा ओला राहू द्या. ते पाणी परत बरणीत. त्यात अर्धा कांदा, कागदासारखा पातळ. एक आंबटगोड सफरचंद, सालासकट, बारीक काड्या करून. चिमूटभर साखर, भरडलेली मिरी, चमचाभर तेल. हाताने कालवा, चमच्याने नाही. ताटली झाकून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय खाऊ नका. आई म्हणायची, कोमट खाल्ला तर ती भाजी, गार खाल्ला तर कोशिंबीर.

स्वतः खा. कोणासाठी राखून ठेवू नका. बरणीतलं पाणी टाकू नका, पुढच्या बरणीत त्यातलं वाटीभर घालतात. दगड परत पाठवू नका. माझ्या कापडाच्या थप्पीवर मी इस्त्री ठेवतेय, चालतंय.

आणि पाटी परत लावा.

धाकटी


२० डिसेंबर

धाकटे,

केली. तू लिहिलंस तशीच. सफरचंदाच्या काड्या काही ब्रशासारख्या, काही शिडीच्या पायऱ्यांसारख्या झाल्या, पण झाल्या. कट्ट्यावर ठेवली आणि गार होईपर्यंत खाटेच्या कडेला बसून राहिलो. समोरचा चपलावाला दुकान बंद करत होता. त्याच्या पाटीतला च खरोखरच ढेरपोट्या आहे. इतकी वर्षं मला दिसला नव्हता.

मग खाल्ली.

पहिल्याच घासाला माझं तोंड असं वाकडं झालं, डोळे गच्च मिटले, खांदे वर गेले. आणि तेव्हा मला कळलं गं, ती कशाला हसली होती. तुमच्या अंगणात, शिडीखाली, असला जबर आंबट कोबी मी पहिल्यांदा तोंडात घातला आणि चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. सरळ तोंडाने म्हणालो, "छान झालंय." चव घेतलीच नव्हती मी. तिच्या मनगटावरचा डाग बघत होतो. तिला ते तेव्हाच कळलं होतं. आणि तिने जन्मभर मला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी चव न घेता "छान" म्हणालो, आणि शेवटी ती चव कळूनही "हुबेहूब" म्हणाली. माझं एक झालं, तिचं एक झालं. फिटलं म्हणावं तर फिटत नाही. तिचं जास्त वजनाचं होतं.

ताटली पुसून खाल्ली. मग होडीची कविता म्हणायला घेतली. तिसऱ्या कडव्याशी आलो. तो शब्द मला येतो असं मी तुला लिहिलं होतं. नाही येत. बराच वेळ थांबलो. मग ताटली धुतली.

दुसऱ्या दिवशी बाजारातून कोबी आणला. घट्ट, पांढरा, वजनदार. बरणीतला उरलेला जुना कोबी एका भांड्यात काढून घेतला, पाणी राखलं, बरणी धुतली. चिरला, मुठीने चोळला. चाखला, मीठ बरोबर होतं. वाटीभर जुनं पाणी घातलं, दोन पानं, वर दगड. अंगठा खळग्यात ठेवून दाबला तेव्हा पाणी हळूच वर आलं आणि दगडाच्या कडेने स्थिर झालं.

तू फेब्रुवारीत येणार असं तुझ्या सुनेने कळवलंय, ये. तेव्हा उघडू. पाटी परत बरणीच्या गळ्यात आहे, येता-जाता वाचतो. अजून झाकणाला हात लावलेला नाही, एकदाही नाही.

आता मला कसली घाई?

भावोजी